युद्धकाळातली गावाकडची प्रेमकादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, सातारा जिल्ह्यातल्या गावात घडणारी प्रेमकथा लिहायला घेतलेल्यांना हमखास अडवणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काळ १९३९ ते १९४६. मुलूख तेव्हाचा सातारा, म्हणजे आजचे सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे, मधूनमधून संस्थानांची ठिगळं लावलेली.

सातारा का? दुसरा जिल्हा चालणार नाही का?

चालेल. कुलाबा, रत्नागिरी, अहमदनगर इथूनही पलटणीत भरपूर पोरं गेली. पण साताऱ्यात एक गोष्ट जास्तीची मिळते. एकाच वाड्यातला थोरला भाऊ सरकारच्या पलटणीत आणि धाकटा त्याच सरकारविरुद्ध उसाच्या फडात लपलेला, असं इथे खरोखर घडू शकत होतं. कादंबरीला लागणारा ताण बाहेरून आणावा लागत नाही, तो उंबऱ्याच्या आतच असतो.

नायक नेमका कुठे लढतो हे किती बारकाईनं ठरवावं लागतं?

पलटण आणि तिची बटालियन आधी पक्की करा. युद्धाचे प्रसंग लिहायचे नसले तरीही. तो कुठे आहे यावर पत्र किती दिवसांनी येणार, तार कोणती येणार, तो परत कधी येणार, सगळं अवलंबून असतं.

मराठा लाइट इन्फंट्री म्हणजे तेव्हाची ५वी मराठा, केंद्र बेळगाव. तिच्या बटालियनांचे रस्ते एकमेकांपासून फार वेगळे होते:

- ३री बटालियन एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढली. केरेन २७ मार्च १९४१ला पडलं. पुढे ही बटालियन इटलीत होती. १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात केलेल्या पराक्रमासाठी नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो हिच्यातच.
- २री बटालियन जून १९४२मध्ये लिबियातल्या तोब्रुकमध्ये होती. २१ जूनला तोब्रुक पडलं आणि ती कैदेत गेली.
- ४थी बटालियन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या डोंगरांतल्या सांगशाकच्या वेढ्यात ती लढली.
- १ली बटालियन इटलीत, सेनिओ नदीवर. ९ एप्रिल १९४५ला इथेच केलेल्या पराक्रमासाठी शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

विरहाची कथा हवी असेल तर ३री घ्या, ‘बेपत्ता’ची हवी असेल तर २री. नायक सुट्टीवर यायला हवा असेल तर त्याला देशातच, प्रशिक्षण केंद्रात किंवा आसामच्या बाजूला ठेवा. परदेशी गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं घर दिसत नसे. दर दिवाळीला घरी टपकणारा इटलीतला शिपाई ही पहिल्या खर्ड्यातली सर्वांत सामान्य चूक.

नायक मराठा पलटणीतलाच असायला हवा का?

मुळीच नाही. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी इंजिनियरांचं दल), खेचरांच्या तुकड्या, मोटार-ड्रायव्हर, लष्करी दवाखान्यातला वॉर्डबॉय, सगळं शक्य आहे. महारवाड्यातला नायक असेल तर एक तारीख सोडू नका. पहिल्या महायुद्धात उभी केलेली महार पलटण १९२१मध्ये मोडली होती, आणि महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१मध्ये, बेळगावात. म्हणजे १९४०मध्ये त्याला त्या रेजिमेंटचा बिल्ला लावता येत नाही. त्याच्या वडिलांनी पलटण मोडलेली पाहिली असणार आणि मुलगा भरती व्हायला निघाल्यावर त्यांच्या मनात काय चालत असेल, यावर एक आख्खं प्रकरण उभं राहतं.

नायिका अठरा-वीस वर्षांची आणि अविवाहित दाखवली तर?

दाखवा, पण कारण द्या. शारदा कायद्यानं १९३०पासून मुलीचं लग्नाचं किमान वय १४ केलं होतं आणि खेड्यात तेही सर्रास पाळलं जात नव्हतं. अठरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी गावाच्या डोळ्यावर येणारच. पटणारी कारणं थोडी आहेत. घरात मोठा माणूस गेला आणि लग्न लांबलं. बाप कर्जात होता. ठरलेलं लग्न मोडलं. किंवा ती शिकून मास्तरीण होण्याच्या वाटेवर आहे, पण मग घर कोणतं, शिकायला ती कुठे राहिली, हे सांगावं लागेल.

यापेक्षा चांगली वाट दुसरी आहे आणि तिच्याकडे फार कमी लेखक वळतात: लग्न आधी, प्रेम नंतर. चौदाव्या वर्षी लग्न झालं, न्हातीधुती झाल्यावर नांदायला आली, आणि चार महिन्यांत नवरा भरती होऊन गेला. त्या चार महिन्यांत दिवसाउजेडी दोघं एकमेकांशी धड बोललेलीही नाहीत, कारण सासूसमोर नवऱ्याशी बोलणं निर्लज्जपणाचं. आता ती ज्या माणसाची वाट बघते, तो माणूस तिला ठाऊकच नाही. तो कसा आहे हे तिला त्याच्या पत्रांतून, त्याच्या बैलाच्या सवयींवरून, त्यानं लावलेल्या झाडावरून कळत जातं. गावातली युद्धकाळातली प्रेमकथा इथे खरी जमते.

प्रेमपत्रं कशी लिहायची?

प्रश्न असाच विचारला जातो आणि घोटाळा इथेच सुरू होतो. त्या घरात प्रेमपत्र येत नाही. पत्र येतं ते बापाच्या नावावर.

पत्राचा प्रवास टप्प्याटप्प्यानं बघा. शिपाई बहुधा स्वतः लिहू शकत नाही. १९४१च्या जनगणनेत देशातली साक्षरता साधारण १६ टक्के होती, बायकांची त्याहून कितीतरी कमी. पलटणीत त्याला शिकवली जाते ती रोमन लिपीतली उर्दू, जी गावात कोणालाच वाचता येत नाही. म्हणून तो तुकडीतल्या लिहित्या माणसाकडून मराठीत पत्र लिहून घेतो. मग ते सेन्सॉरखालून जातं. जागेचं नाव, बोटीचं नाव, पलटणीची हालचाल यांतलं काही असलं तर काळं होतं किंवा कापलं जातं. पत्त्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा असतो, गावाचं नाव नसतं. गावात पोस्टमन येतो तो रोज नाही. ठरल्या दिवशी, पुष्कळदा बाजाराच्या. तो पत्र देतो आणि वाचूनही दाखवतो, नाहीतर शाळामास्तरांकडे जावं लागतं. ओट्यावर सासरा, चुलतसासरा, शेजारचे दोघं-तिघं बसलेले. आणि जिच्यासाठी पत्र आहे ती दाराआड, जात्याचा खुंटा धरून.

म्हणजे दोघांच्या मधे लेखनिक, सेन्सॉर, पोस्टमन, वाचणारा आणि सगळं घर एवढी माणसं उभी आहेत. प्रेम व्यक्त करायचं ते यांच्या डोक्यावरून.

पत्राचा साचा ठरलेला होता, आणि तो मोडू नका, वापरा: ‘तीर्थरूप बाबा यांचे चरणी बालके साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवणे.’ मग पिकपाणी, बैल, कर्ज, भावकीतलं भांडण. मग घरातल्या प्रत्येकाला नावानिशी नमस्कार-आशीर्वाद. या यादीत बायकोचं नाव येत नाही. ‘घरी सर्वांस’ यात ती आली. शेवटी ‘कळावे’.

या साच्यात एक ओळ जादा पडली की ती तिच्यासाठी. ‘परसातल्या लिंबाला पाणी घालत जाणे’ असं तो लिहितो. लिंब म्हणजे कडुलिंब, त्याला कोणी पाणी घालत नाही, सासरा हसतो, पोराला परदेशात गावाची सवय राहिली नाही म्हणतो. पण त्या झाडाखाली काय घडलं होतं ते दोघांनाच माहीत. अशी खूण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात पेरा आणि पुस्तकभर फार तर पाच वेळा वापरा. दर पत्रात आली की तिचं कोडं होतं, आणि कोडी सासूलाही सुटतात.

दुसरी जागा मनीऑर्डरचं कुपन. पगारातला हिस्सा घरी लावलेला असायचा. फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असते. पैसे सासरा अंगठा लावून घेतो, कुपन मात्र चुलीपुढे पडून राहतं.

एक बारकावा आणखी. जुनी माणसं मोडी लिहीत-वाचत, पोरं बाळबोध, म्हणजे देवनागरी. सासऱ्याला फक्त मोडी येत असेल आणि पत्र बाळबोधात असेल, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या सासऱ्यापेक्षा हा सासरा जास्त चिडलेला असतो. आणि सून चोरून अक्षरं शिकली असेल तर कोणती लिपी, हे आधी ठरवा.

पत्र पोचायला किती दिवस धरावेत?

कथेपुरते सहा आठवडे धरा आणि कधी ते तीन आठवडे, कधी तीन महिने होऊ द्या. पत्रं क्रमानं येत नाहीत, हे सगळ्यात कामाचं. ‘आता बरा आहे’ हे पत्र आधी आणि ‘जखमी झालो’ हे नंतर आलं, की घरात जो गोंधळ उडतो तो कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा भारी पडतो.

लिहिण्याआधी तीन रकान्यांचा तक्ता करा: आघाडीवर काय घडलं, त्या आठवड्यात शेतात काय चाललं होतं, आणि ती बातमी गावात कधी आली. उदाहरणार्थ केरेन पडलं २७ मार्च १९४१ला, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. सांगशाकचा वेढा २२ ते २६ मार्च १९४४, आणि पाडवा २५ मार्चला. घरात गुढी उभी राहते आहे, पुरणाचा घाट चालला आहे, आणि तिकडे पाणी संपलेल्या डोंगरावर चौथी बटालियन. लेखकानं दोन्ही एका वाक्यात आणू नयेत. वाचकाला तारीख दिली की पुरे.

‘बेपत्ता’ची तार आली की पुढे काय?

तार इंग्रजीत येते. गावात इंग्रजी वाचणारा कोण? मास्तरला येईलच असं नाही. कधी तालुक्याच्या गावी वकिलाकडे जावं लागतं. तोवर सात-आठ मैल ती तार न वाचता कोणीतरी टोपीत घालून नेतो. तार म्हणजे मरण असंच गाव धरून चालतं, त्यामुळे ‘बेपत्ता’ आहे हे कळण्याआधी घरात रडारड होऊन गेलेली असते.

तोब्रुकमधले कैदी आधी इटलीत गेले. इटलीनं सप्टेंबर १९४३मध्ये शरणागती पत्करल्यावर कोणी डोंगरात पळाले, पुष्कळांना जर्मनांनी नेलं. कैदी असल्याचं कळायला महिने लागत, आणि ते रेडक्रॉसमार्फत कळे. उत्तर आफ्रिकेतल्या कैद्यांतून जर्मनीत आझाद हिंद सेनेची तुकडी उभी राहिली होती, हाही एक फाटा आहे. तो घ्यायचा असेल तर नायक परत आल्यावर त्याची चौकशी आणि पगाराचा प्रश्न येणार, हे विसरू नका.

या मधल्या काळात नायिकेचं स्थान विचित्र असतं. कपाळाचं कुंकू ठेवायचं की पुसायचं? सासू ‘ठेव’ म्हणते, जावा कुजबुजतात. कादंबरीचा मधला भाग लोंबकळतो अशी तक्रार करणाऱ्यांना सांगणं एवढंच, की हाच तुमचा मधला भाग.

ती दुसऱ्याच्या प्रेमात पडली तर तिचं लग्न होऊ शकतं का?

जात आणि घराणं काय दाखवलंय त्यावर आहे. कुणबी-मराठा आणि इतर अनेक जातींत विधवेचा ‘पाट’ लावण्याची चाल होती, काही ठिकाणी त्याला ‘म्होतूर’ म्हणत. तो गाजावाजा न करता, रात्री लावत. स्वतःला शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्या घरांत आणि ब्राह्मणांत हे होत नसे. पण नवरा बेपत्ता असेल तर ती विधवाही नाही. तिला वाट देणारा रिवाज शोधत बसू नका. रिवाज नाही म्हणूनच कथा आहे.

दोघं भेटणार कुठे? पाणवठ्याशिवाय जागा आहे का?

पाणवठा आता पुरे झाला. शिवाय तिथे बायका असतात, गडी नव्हे. खऱ्या जागा कामातून निघतात, आणि काम हंगामातून.

७ जूनच्या सुमारास मृग निघतो. पेरण्या. आषाढ-श्रावणात भांगलण: बायकांची ओळ खुरपी घेऊन वाकलेली, गाणी चाललेली, पुरुष तिथे नसतात. नवरात्राच्या आगेमागे, हस्ताच्या पावसावर, शाळूची (रब्बी ज्वारीची) पेरणी. पौषात शाळू कणसात आला की राखण: शेतात उंच माळा, हातात गोफण. दिवसा पाखरांना आणि रात्री डुकरांना. माळ्यावरून सगळं रान दिसतं आणि माळ्यावरचा माणूस सगळ्या रानाला दिसतो. दिवसा भेट अशक्य, हाक मात्र शक्य. माघात काढणी, मग खळं आणि मळणी. चैत्र-वैशाखात जत्रा आणि लग्नं.

मोट ही सगळ्यात वाया घालवलेली जागा आहे. मोटकरी बैलांना धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली हाकतो, कातडी मोट भरून वर येते, थारोळ्यात रिकामी होते, बैल मागे सरतात. पाणी पाटानं दूर वाफ्यांत जातं आणि तिथे दारं धरायला बाई उभी असते. एक वाफा भरला की दार मोडून पाणी पुढच्यात सोडायचं. दोघांत दीडशे-दोनशे हातांचं अंतर. दोघांनाही जागा सोडता येत नाही, कारण तो थांबला तर पाणी तुटतं आणि ती हलली तर वाफा फुटतो. तो मोटेवर गातो, तिला ऐकू येतं, आणि पाण्याच्या वेगावरून तो कुठे अडखळला तेही तिला कळतं. काय बिघडू शकतं? नाडा (मोटेचा जाड दोर) तुटतो, सोंदूर (मोटेच्या सोंडेचा बारीक दोर) झिजून सुटतो, मोटेला चीर पडून अर्धं पाणी विहिरीतच गळतं. यातली कोणतीही गोष्ट तिला विहिरीपर्यंत यायला पुरेसं कारण देते.

गुऱ्हाळावर रात्रीची भेट दाखवली तर?

बहुतेक खर्ड्यांत असते आणि बहुतेक खर्ड्यांत चुकते. गुऱ्हाळ हे गावातलं सगळ्यात जागं ठिकाण. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपासपर्यंत चरक रात्रंदिवस फिरतो, बैलांच्या जोड्या बदलतात, माणसं बदलतात, चुलवाण विझत नाही.

रस काहिलीत पडतो, उकळी येते, मळी वर येते ती काढायची. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात, त्यानं मळी धरली जाते. खाली चिपाडाचा जाळ घालणारा एक माणूस, वर गुळव्या. पाक झाला का हे गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून बघतो. बोटांत गोळी वळली की काहील उतरवायची. दोन मिनिटं आधी उतरली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो, काळा पडतो, भाव जातो. उसाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा गूळ पडतो, म्हणजे एक काहील बिघडली तर किती ऊस गेला याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो.

त्यामुळे नायक गुळव्या असेल आणि त्या क्षणी त्याचं लक्ष उडालं, तर ते गावाला दुसऱ्या दिवशी ढेपेच्या रंगावरून कळतं. चुंबनापेक्षा करपलेली ढेप जास्त बोलते.

पत्री सरकार कथेत किती आणावं?

कथा १९४२नंतर जात असेल तर टाळता येणार नाही. ९ ऑगस्ट १९४२च्या धरपकडीनंतर जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले: ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज. वडूजला गोळीबारात माणसं मेली. नंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार, चालू लागलं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली. कुंडलला तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचं स्वयंसेवक दल, उभी राहिली. कुंडल औंध संस्थानात होतं, त्यामुळे इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांना तिथे हात घालायला अडचण. संस्थानाची सीमा दोन शेतांच्या बांधावरून जाते, हे नकाशा पुढे ठेवून लिहा. पळून जाणाऱ्या माणसाच्या प्रसंगाला ते फार उपयोगी पडतं.

प्रेमकथेला त्यातल्या दोन गोष्टी थेट लागतात. न्यायदान मंडळं घरगुती तंटेही सोडवत, बायको टाकणाऱ्याला जाब विचारत. दुसरी गोष्ट गांधी पद्धतीचे विवाह: हुंडा नाही, मानपान नाही, थोडक्या खर्चात. आता हे पंचांगाशी जोडा. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, रूढीनं लग्नं बंद. शिपायाला सुट्टी मिळाली ती नेमकी भाद्रपदात. भटजी नाही म्हणतो. मग त्या दोघांचं लग्न लागू शकतं ते गांधी पद्धतीनंच, म्हणजे सरकारच्या शिपायाचं लग्न सरकारविरुद्धच्या माणसांच्या पुढाकारानं. हा प्रसंग कोणीतरी लिहायलाच हवा.

खऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडी लांब संवाद घालू नका. ‘अण्णा काल रात्री येऊन गेले’ एवढं पुरतं.

वस्तूंची टंचाई कोणती आणि कधीपासून?

मार्च १९४२मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशाचं तेल व तांदूळ बंद झालं. गावात त्याचा पहिला अर्थ रॉकेल. चिमणी जपून लावायची, जेवणं उजेडात उरकायची. म्हणून रात्रीच्या प्रसंगांत चंद्र पाहा; अमावास्येला कोणी कोणाचा चेहरा ‘बघत’ नाही. १९४३मध्ये कापडावर नियंत्रण आलं, भाव छापलेलं स्टँडर्ड क्लॉथ आलं. रुखवतात लुगडं किती कष्टानं आलं ते दाखवायला ही जागा. मुंबईत मे १९४३मध्ये रेशनिंग सुरू झालं. गावात त्याची दुसरी बाजू होती, ती लेव्ही. पिकवणाऱ्यालाच धान्य घालावं लागे, आणि पेव (धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर) किती खोल हे तलाठ्याला कळू न देणं ही कला होती.

पैशांचं काय?

एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. एक रुपयाची नोट १९४०मध्ये पुन्हा आली, दोन रुपयांची १९४३मध्ये. भोकाचा पैसाही १९४३चा. राणीछाप चांदीचा रुपया १९४१मध्ये चलनातून बाद झाला, पण बायकांनी तो गाडग्यात ठेवलाच. आजेसासूनं नातसुनेला द्यायचं काही हवं असेल तर चार राणीछाप रुपये. भाव छापायचेच असतील तर त्या वर्षाच्या वर्तमानपत्रातून घ्या, नाहीतर आकडा न देता ‘दुप्पट झाला’ म्हणा.

नायक स्टेशनवरून घरी कसा येतो?

एम.एस.एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) रेल्वेची पुणे–मिरज मीटरगेज. सातारा शहराला लागून स्टेशन नव्हतं, सातारा रोडला उतरून पुढे जावं लागे. पुढे खासगी सर्व्हिस मोटार, आणि पेट्रोल नसल्यानं ती पुष्कळदा कोळशाच्या गॅसवर. मागे भट्टीचं पिंप, चढाला गाडी दम टाकते, उतारू उतरून ढकलतात. शेवटचे मैल बैलगाडीनं किंवा पायी. गाडी तासाला दोन-अडीच मैलांपेक्षा जास्त जात नाही. दहा मैलांना अर्धी रात्र जाते. एस.टी.नं आणू नका. ती १ जून १९४८ला सुरू झाली.

आणि घड्याळ: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ देशभर वेळ एक तास पुढे होती. रेल्वे तिच्यावर, गाव सूर्यावर. स्टेशनवर चुकामूक करायला आणखी काय हवं?

हमखास सापडणाऱ्या कालविसंगती कोणत्या?

बांधावरचं काँग्रेस गवत. ते पन्नाशीच्या दशकात आलं, तरी दर तिसऱ्या खर्ड्यात नायिका ते उपटत असते. ‘महाराष्ट्र राज्य’ (१९६०), ‘सांगली जिल्हा’ (आधी दक्षिण सातारा, तोही १९४९चा), किलो आणि लिटर, नवे पैसे, सहकारी साखर कारखाना, संकरित ज्वारी, ट्रान्झिस्टर, प्लॅस्टिकची बादली, कुळकायद्याची (१९४८) भाषा. रेडिओ असलाच तर गावात एखादा, बॅटरीवरचा. धान्य शेर, पायली, मण, खंडीनं मोजा. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी. मणाचं माप भागाभागानं बदलतं, तिथे गाव बघून लिहा.

नायिका नवऱ्याला नावानं हाक मारू शकते का?

नाही. ‘अहो’ही सगळ्यांसमोर नाही. त्याच्याविषयी बोलताना ‘हे’, ‘धनी’, ‘कारभारी’. सासूला आत्याबाई, सासऱ्याला मामंजी, नणंदेला वन्सं, दिराला भावजी. तो तिला ‘अगं’ म्हणतो किंवा काहीच म्हणत नाही. उखाण्यात नाव घेण्याचा प्रसंग म्हणूनच एवढा भारी असतो, आणि पुस्तकात तो एकदाच यावा. तिनं त्याचं नाव उखाण्याबाहेर एकदाच उच्चारलं, तार वाचून घेताना, ‘कोनाचं नाव हाय त्यात?’ असं विचारल्यावर, तर वाचक ते विसरणार नाही.

संवाद बोलीत लिहायचे की प्रमाण भाषेत?

संवाद बोलीत, निवेदन प्रमाणात, हे सोयीचं. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘कुटं चाललासा’, ‘काय वो’ अशी दहा-पंधरा रूपं ठरवून त्यांची यादी भिंतीला चिकटवा आणि पुस्तकभर तीच ठेवा. एका पानावर ‘नाय’ आणि दुसऱ्यावर ‘न्हाई’ झालं की माणूस नदी ओलांडून गेल्यासारखा वाटतो. कुलकर्ण्याच्या घरात ही रूपं नकोत. आणि पलटणीतून परतलेल्याच्या बोलण्यात हिंदुस्थानी शब्द घुसलेले असतात. ‘जल्दी’, ‘पानी लाव’ असं तो नकळत बोलून जातो आणि आई त्याच्याकडे बघत राहते.

वळिवड्याची पोलिश छावणी वापरता येईल का?

येईल, पण कथा कोल्हापूरकडे सरकवून. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुसंख्य बायका आणि मुलं. भाजी-दूध विकायला जाणारा गावकरी आणि छावणीतली मुलगी अशी कथा शक्य आहे. भाषेचा अडसर मात्र खरा ठेवा. दोन महिन्यांत कोणी अस्खलित बोलत नाही.

नायक परत कधी येतो?

युरोपातलं युद्ध ८ मे १९४५ला संपलं, जपाननं ऑगस्टमध्ये हात टेकले, पण बहुतेक शिपाई लगेच घरी आले नाहीत. सैन्य कमी करण्याचं काम १९४६भर चाललं. तोवर मुलगा पाच-सहा वर्षांचा झालेला असतो आणि ‘हा कोण?’ म्हणून आजीमागे लपतो. आल्या दिवशी ओट्यावर गाव जमतं, तंबाखू निघते, तो केरेनचं किंवा टायबरचं सांगत बसतो. ती आत भाकऱ्या थापते. मध्यरात्रीपर्यंत दोघांत एक शब्द होत नाही. पहाटे तो परसात जातो आणि लिंबाच्या बुडाशी ओलं आळं दिसतं.